डबल लॉक

अण्णांच्या दाराची बेल वाजवली की आतून पहिला प्रश्न येतो, "कोण?" नाव सांगितलं की दुसरा येतो, "एकटेच आलाव का?" हा प्रश्न नेमका कशासाठी, ते आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. एकटाच आलो म्हणावं तर चोर एकटाही येतो, आणि दोघं आहोत म्हणावं तर संशय दुप्पट. उत्तर काहीही दिलं तरी पुढचा कार्यक्रम ठरलेला. दाराच्या भिंगाला आतून एक डोळा लागतो. मग वरची कडी, खालची कडी, साखळी, लॅच असे आवाज क्रमाने येतात. दार उघडतं आणि अण्णा दिसतात, पण जाळीच्या पलीकडे. ओसरीच्या जाळीला कुलूप असतं आणि त्याची किल्ली आत राहिलेली असते. अण्णा किल्ली आणायला आत जातात. जाताना सवयीने दार लावून घेतात.

या सगळ्या वेळात अण्णांची आई जाळीबाहेरच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेली असते. आजीचं वय ८२. घरातलं सगळ्यात जुनं माणूस उघड्यावर आणि स्टीलच्या वाट्या कुलपात, हा प्रकार नव्या पाहुण्याला जरा चमत्कारिक वाटतो. आजी चार शेंगा त्याच्या हातावर ठेवते आणि म्हणते, "बस रे बाबा, उघडंल. आतून भाईर यायला त्येलाबी येळ लागतोय."

अण्णा कोषागारातून निवृत्त झाले. सरकारदप्तरी जिल्ह्याचं उस्मानाबादचं धाराशिव झालं ते २०२३ मध्ये, आणि अण्णा ५८ वर्षांचे झाले तेही त्याच साली. उस्मानाबादला नोकरीला लागलो आणि धाराशिवहून सुटलो, मधल्या काळात टेबल मात्र एकच, असं ते सांगतात. त्यात विनोद आहे हे त्यांना कुणी तरी सांगितलेलं आहे, त्यामुळे सांगून झालं की ते थांबतात. आपण हसायचं असतं.

ज्यांनी सरकारी कोषागाराची स्ट्राँगरूम पाहिलेली नाही त्यांना अण्णा वेडे वाटतात. पाहिलेली असेल तर फक्त थोडे जास्त वाटतात. मुद्रांक, मोलाच्या वस्तू, सीलबंद पेट्या असं सगळं त्या खोलीत असतं आणि खोलीला दोन कुलपं असतात. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. याला डबल लॉक म्हणतात. म्हणजे चोराचा बंदोबस्त बाहेरचा पहारेकरी करतो आणि साहेबाचा बंदोबस्त दुसरा साहेब करतो. अण्णांच्या कंबरेला वर्षानुवर्षं त्या दोनपैकी एक किल्ली होती. ती घेऊन ते लग्नांना गेले, मयतीला गेले, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर निघालेल्या पालख्यांना हात जोडायला गेले. एक हात जोडायचा आणि दुसरा कंबरेवर. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि किल्लीचा चार्ज दिल्याची पोच मिळाली. शाल काकूंनी ट्रंकेत ठेवली, नारळाची चटणी झाली, पोच अण्णांनी फ्रेम करून लावली.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांनी घराला डबल लॉक बसवला.

पुढच्या दाराला दोन कुलपं. एकाची किल्ली अण्णांकडे, दुसऱ्याची काकूंकडे. एकाने दुसऱ्याची किल्ली हाताळायची नाही. काकू संध्याकाळी भिशीला गेल्या आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली. अण्णा बाजारातून आले ते दूध घेऊन. कट्ट्यावर आईशेजारी बसले. दूध नासलं तेव्हा काकू आल्या. "अहो, घर आहे का तहसील?" एवढंच त्या बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी डबल लॉकची पद्धत रद्द झाली. अण्णा अजूनही 'रद्द' म्हणत नाहीत. 'शिथिल' म्हणतात.

पण किल्ल्यांची नोंदवही सुरू आहे. तारीख, किल्ली क्रमांक, घेणाऱ्याची सही, परत केल्याची सही. काकू सही करतात, कारण न करण्यात जास्त वेळ जातो. थोरला मुलगा पुण्यात हिंजवडीला असतो. जादा किल्ल्यांचा संच मुख्य इमारतीत ठेवायचा नसतो, या न्यायाने अण्णांनी एक संच पाकिटात घालून, वर लाख ओतून, तीवर शिक्का उमटवून कुरिअरने त्याच्याकडे पाठवला. कुरिअरवाल्याने आत काय आहे विचारलं. अण्णांनी सांगायला नकार दिला. पाकीट परत आलं. मग अण्णा स्वतः एसटीने गेले आणि पोच घेऊन आले.

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात. अण्णा हार्डवेअरच्या दुकानात जाऊ लागले. तिथे ते घ्यायला कमी आणि शिकवायला जास्त जातात. दुकानातल्या पोराने चुकून 'हे अलिगढचं, स्वस्तात मस्त' असं म्हटलं की अण्णा स्टुलावर बसतात. अलिगढ म्हणजे कुलपांचं माहेर, त्याला स्वस्त म्हणू नकोस, तिथल्या गल्ल्यांत घरोघर कुलपाचा एकेक भाग तयार होतो. मग वकिली सोडून आलेले अर्देशीर गोदरेज येतात, त्यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला काढलेला कुलपांचा कारखाना येतो, १९५४ चं नवताल येतं. अण्णांना कुलूप हातावर तोलून बघायची सवय आहे. कानाजवळ नेऊन किल्ली फिरवतात आणि डोळे मिटतात. गाणं कळणारे लोक तानपुरा लावताना जो चेहरा करतात तो चेहरा मी अण्णांचा नवतालच्या वेळी पाहिला आहे.

लिव्हर म्हणजे काय हे आमच्या गल्लीतल्या शाळकरी पोरांनाही अण्णांमुळे माहीत झालं आहे. कुलपाच्या पोटात पितळेच्या पट्ट्या एकावर एक असतात. प्रत्येक पट्टी किल्लीच्या दात्याने नेमकी तेवढीच उचलली गेली पाहिजे. कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. ही जास्तीची अडवणूक रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजाने १७७८ मध्ये आणली. अण्णांच्या मते माणसाने लावलेल्या शोधांत चाकानंतर याचाच नंबर. "कमी काम केलं तर वरिष्ठ अडवतात हे सगळ्या जगाला माहीत होतं," ते म्हणतात, "जास्त केलं तरी अडवायचं, हे बॅरनला सुचलं."

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र ब्रामाच्या कुलपाची. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाने १७९० मध्ये दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलं आणि पाटी लावली, की किल्लीशिवाय हे उघडून दाखवील त्याला २०० गिनी. साठ वर्षं कुणाला ते उघडता आलं नाही. १८५१ मध्ये लंडनला मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हॉब्ज नावाचा एक अमेरिकी कुलूपवाला आला आणि त्याने ते उघडलं. त्याआधी चबचं, ज्यावर इंग्रजांचा फार भरवसा होता ते कुलूप त्याने २५ मिनिटांत उघडलं होतं. ब्रामाला मात्र त्याला ५१ तास लागले, तेही १६ दिवसांत विभागून. ही गोष्ट ऐकून कुणालाही वाटेल की कुठलंच कुलूप भरवशाचं नाही. अण्णांना तिच्यातून उलटाच धीर येतो. "५१ तास!" ते बोट वर करून म्हणतात. "आपल्या गल्लीत एक माणूस माझ्या दाराशी ५१ तास बसला तर कुणी तरी विचारील की नाही, बाबा कोण पाहिजे?" यावर आजी कट्ट्यावरून म्हणते, "मी च्या बी दीन त्येला."

अण्णांच्या या सगळ्या विद्येला पहिला धक्का दिला एका सुताराने. तो आला होता कपाटाची बिजागरी बसवायला. जाताना दाराशी थांबला, नवं कुलूप पाहिलं, हातात घेतलं, वजन केलं, वा म्हणाला. मग कोयंड्याला अंगठा लावून म्हणाला, "अण्णा, कुलूप आठ लिव्हरचं हाय, आन् कोयंडा दोन स्क्रूचा."

गल्लीने ते वाक्य जपून ठेवलं आहे. लग्नं जुळवताना सुद्धा वापरतात.

खरं म्हणजे सुतार जे बोलला ते पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. जिल्हा पानावरची घरफोडीची बातमी उघडा. 'अज्ञात चोरट्यांनी कडी-कोयंडा तोडून घरात प्रवेश केला.' बातमीत कुलूप कुठे आहे? कुलपाला कुणी हातही लावलेला नसतो. हॉब्जसारखा तार घालून पट्ट्या उचलत बसणारा चोर आपल्याकडे कुठून येणार? आपला चोर टॉमी घेऊन येतो. टॉमी कोयंड्याच्या मागे सरकवायची आणि अंगाचा भार टाकायचा. पाव इंची स्क्रू जुन्या लाकडातून सुटून येतात आणि आठ लिव्हरचं कुलूप, बंदच्या बंद, कोयंड्यासकट पायरीवर पडतं. सकाळी घरमालक ते उचलतो, बघतो आणि म्हणतो, कुलपाला काही झालेलं नाही.

अण्णा दोन दिवस जेवले नाहीत असं काकू सांगतात. ते अतिशयोक्तीचं असेल, पण पुढचा महिना काही त्यांनी कुणाला बॅरन सांगितला नाही. मग कामाला लागले. कोयंडा जाड पट्टीचा आणला. सुतार म्हणाला, याला स्क्रू नको, आरपार बोल्ट पाहिजे, आतून वायसर घालून नट आवळायचा. बोल्टसाठी चौकटीला भोक पाडायला घेतलं तर गिरमिट लोण्यात घुसावं तसं आत गेलं. चौकट वाळवीने खाल्लेली. चौकट बदलायची तर दार काढावं लागणार. दार काढलं तेव्हा दिसलं की बिजागऱ्यांच्या पिना बाहेरच्या बाजूला आहेत, म्हणजे कुलूप लावा नाही तर न लावा, पिना ठोकून काढल्या की दार उचलून बाजूला ठेवता येतं. अण्णांनी तिथेच बसकण मारली. इतकी वर्षं आपण उलट्या बाजूला कुलूप लावत होतो!

दार झालं. चौकट झाली. तेव्हा कुणी तरी म्हणालं, खिडकीच्या गजांचं काय? गज झाले. मग भिंतीकडे अण्णा बघायला लागले. भिंत नऊ इंची विटांची. ती किती वेळात फुटते, हा प्रश्न त्यांनी गवंड्याला विचारला, तेव्हा काकूंनी गवंड्याला चहा दिला आणि घरी पाठवलं. अण्णांना म्हणाल्या, "आता चोराला घर द्या आणि आपण दुसरीकडे राहू. शोधू दे त्याला."

बार्शी नाक्याकडे एक चावीवाला बसतो. लोखंडी पेटी, शेजारी पत्र्याची मोठी किल्ली टांगलेली, कानस हातात. अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्याहून जास्त कळणारा माणूस भेटला तो हा. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडून गेले तेव्हा अण्णा त्याच्याकडे नवं कुलूप कुठलं घ्यावं हे विचारायला गेले होते. भाडेकरूने किल्ली परत दिली, पण त्याआधी तिच्या किती नकला काढल्या असतील याचा काय नेम? चावीवाला म्हणाला, कुलूप कशाला बदलताय, पोट बदलतो. कुलूप खोललं, पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांची जागा आलटून पालटून परत बसवली आणि त्या नव्या क्रमाला जुळणारी किल्ली कानसीने घासून दिली. कुलूप तेच, जुनी किल्ली मात्र बाद. लॅचच्या सिलिंडरलाही हेच करता येतं, आतल्या पिना बदलायच्या. त्या पिनांची कल्पना लायनस येल नावाच्या अमेरिकी माणसाने १८६१ मध्ये पेटंट केली, हे अण्णांनी चावीवाल्याला सांगितलं. चावीवाला म्हणाला, "बरं. शंभर रुपये."

घर घेतल्यावर, भाडेकरू बदलल्यावर, किल्ली हरवल्यावर कुलपाचं पोट बदलून घ्यावं, हे शहाणपणाचं आहे आणि नव्या कुलपाच्या मानाने स्वस्त आहे. माझं अण्णांशी याबाबतीत काही भांडण नाही. पण स्वस्त म्हटल्यावर माणसाचा हात सैल होतो. रंगारी येऊन गेला, पट्ट्या बदला. गॅसवाला स्वयंपाकघरापर्यंत आला, बदला. पुण्याहून जावई दोन दिवस राहून गेला, तेव्हाही बदलल्या, आणि हे मुलीला कळल्यावर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रत्येक वेळी नवी किल्ली, नोंदवहीत नवी नोंद, जुन्या किल्ल्या बाद म्हणून डब्यात. बाद किल्ल्या टाकायच्या नाहीत, निर्लेखनाची मंजुरी लागते. मंजुरी कोण देणार, हे अण्णांनी अजून ठरवलेलं नाही. त्यामुळे आज अण्णांच्या घरात उपयोगाच्या किल्ल्या मूठभर आणि निरुपयोगी किल्ल्या डालड्याचा डबाभर आहेत, आणि घाईच्या वेळी हाताला डबा लागतो. गल्लीतल्या पोरांनी त्यांना जाळीपाशी एकामागून एक किल्ली लावून बघताना पाहिलं आहे. पोरं मोजतात. मोठ्याने.

अण्णा एकाच माणसापुढे हरले, ते आईपुढे. जाळीला रात्री आतून कुलूप लावायचं, दाराला आतून किल्लीचं लॉक, किल्ली अण्णांच्या उशाखाली, अशी योजना होती. आजीने दार अडवलं.

आजी सास्तूरची. लोहारा तालुक्यातलं सास्तूर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारीच्या बाजूने जमीन हलली तेव्हा आजी अंगणात झोपली होती म्हणून वाचली. आदल्या रात्री गावाने गणपती बुडवला होता. त्या भागातली घरं कशी होती ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. मातीत रचलेल्या दगडाच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद, खिडक्या नावाला. ऊन लागत नाही, आणि चोराला भिंत फोडता येत नाही म्हणून चांगली. जिल्ह्यात आणि शेजारच्या लातूरकडे हजारो माणसं त्याच भिंतींखाली गेली. आजी तिथलं काही सांगत नाही. अण्णा कुलूप घेऊन आले तेव्हा एवढंच म्हणाली, "चोर काय न्हेतोय? भांडी न्हेतोय. भिताड माणूस न्हेतंय. रातच्याला दाराला आतून किल्ली लावायची न्हाई."

अण्णांनी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन आतून नुसती मूठ फिरवली की उघडणारं लॅच घेऊन आले. बाहेरून किल्ली, आतून मूठ. रात्री अंधारात ८२ वर्षांच्या बाईला ती सापडते का, याची त्यांनी आईकडून लाइट घालवून तीनतीनदा चाचणी करून घेतली. जाळीचं कुलूप रात्री निघालं, दिवसा राहिलं, कारण दिवसा आजी बाहेरच असते. अण्णांच्या बाबतीत माझं मत कधी कधी एकदम चांगलं होतं, ते अशा वेळी.

पण ते फार वेळ टिकू देत नाहीत. एकदा गल्लीची सहल शनिशिंगणापूरला गेली होती. गावाला दारं नाहीत, असली तर कुलपं नाहीत, हे अण्णांना ऐकून माहीत होतं. पण तिथे २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने दाराला कुलूप नसलेली शाखा उघडली, हे कुणी तरी त्यांना दर्शनाच्या रांगेत सांगितलं. अण्णा रांग सोडून शाखा बघायला गेले. परत आले ते गप्प. बसमध्ये बसल्यावर नगरपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऑडिट कसं करत असतील?"

परंड्याच्या किल्ल्यातही तेच. नातवाला बुरूज दाखवायला नेलं आणि स्वतः दरवाजापाशी अडकले. नातवाने पुस्तकात वाचलं होतं की विजापूरची मुलूख-ए-मैदान तोफ आधी इथे होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली. ५५ टनांची तोफ. अण्णांनी किल्ल्याचा दरवाजा पाहिला, खंदक पाहिला, नातवाकडे पाहिलं. "एवढी वस्तू बाहेर गेली," ते म्हणाले, "म्हणजे आतल्या माणसाची सही असणार."

२०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री आकाशात ड्रोन फिरतात अशी आवई उठली. ड्रोन घरं टिपतात आणि मग चोर येतात, असं लोक बोलायचे. गावोगाव पोरं बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन जागल करू लागली. आमच्याही गल्लीत झाली. अण्णांनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, पाण्याच्या टाकीच्या झाकणाला लावलं, आणि वर बघत बसले. झोप अशी त्यांना नाहीच. तुळजाभवानीलासुद्धा वर्षातून तीनदा निद्रा असते, घोर, श्रम आणि मोह. अण्णांना एकही नाही, असं काकू म्हणतात. चार रात्रींनंतर जागलीची पोरं कंटाळून घरी गेली. अण्णा मात्र महिनाभर वर होते. पावसाळा होता म्हणून छत्री घेऊन.

आणि मग एका मे महिन्यात, लग्नसराईत, गल्लीतली निम्मी घरं बंद असताना, खरोखरीचे चोर आले. अण्णाही सहकुटुंब लातूरला भाचीच्या लग्नाला गेले होते. जाताना त्यांनी नेहमीपेक्षा एक गोष्ट जास्त केली होती. जाळीच्या कुलपाभोवती कापड गुंडाळून, दोरी बांधून, वर लाख ओतून पितळी शिक्का मारला होता. कोषागारात करतात तसा. कुणी कुलपाला हात लावला तर निदान कळेल तरी, हा हेतू.

सकाळी बातमी गेली. अण्णा अक्षता टाकून न जेवता निघाले. उजवीकडच्या घराचा कोयंडा तुटलेला. डावीकडच्या घराचा तुटलेला. मधलं अण्णांचं घर जसंच्या तसं, लाखसुद्धा तडकलेली नाही. पोलीस आले. पंचनामा सुरू झाला. ठसेवाले आले. श्वानपथक आलं, आणि जिल्हा पानावर जसं छापून येतं तसं ते मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळलं. अण्णा नोंदवही बगलेत मारून आपल्या पायरीवर उभे होते. त्यांचा नंबर येत नव्हता. शेवटी ते स्वतःच हवालदारांपुढे गेले आणि म्हणाले, "रात्रीची घरफोडी म्हणजे पूर्वीचं ४५७. आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३३१ आणि घरातल्या चोरीचं ३०५. बरोबर लिहिताय ना?"

हवालदारांनी मान वर केली. "तुमचं काय गेलं?"

"काही नाही."

"मग जरा बाजूला व्हा."

हा घाव मोठा होता. उजवीकडच्या लोकांची चेन आणि रोकड गेली होती. डावीकडच्यांचं कानातलं आणि मिक्सर गेला होता. लोक त्यांना भेटायला येत होते, चहा आणत होते, पाहुण्यांचे फोन येत होते. अण्णांकडे कुणी आलं नाही. त्यांनी गल्लीला समजावून सांगायचा प्रयत्न केला की चोर कुलूप बघूनच परत फिरले असणार. आरपार बोल्ट, आत वळवलेल्या पिना, आठ लिव्हर. गल्ली हो हो म्हणत होती. तेवढ्यात पंचनामा उरकून निघालेले हवालदार जाळीपाशी थांबले, लाखेचा शिक्का बोटाने चाचपला आणि शेजारच्यांना विचारलं, "हे घर बँकेनं कधी जप्त केलं?"

गल्लीत दोन क्षण कुणी बोललं नाही. मग सगळ्यांना एकदमच उलगडलं. चोरांनीही तेच वाचलं होतं. हप्ते थकले, बँक आली, सील ठोकून गेली, आत आता काय असणार? भिंती. तिकडे कशाला टॉमी झिजवा?

अण्णांनी आयुष्यात कर्ज काढलं नाही. घर बांधलं ते भविष्य निर्वाह निधीतून, तेही परताव्याचं नाही असं. हप्ता, थकबाकी, जप्ती हे शब्द त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या कागदांवर पाहिलेले. चोरांनी काही नेलं नाही याचं दुःख एक वेळ त्यांनी गिळलं असतं, पण आपल्याला थकबाकीदार समजून ते सहानुभूतीने पुढे गेले, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. त्याच दुपारी त्यांनी लाख खरवडून काढली. दोरी सोडली, कापड सोडलं. संध्याकाळी पेंटरला बोलावलं. जाळीशेजारच्या भिंतीवर, रस्त्यावरून आणि रात्रीही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं: 'या घरावर कोणतेही कर्ज, बोजा अथवा जप्ती नाही.' खाली नाव. नावाखाली सेवानिवृत्त, कोषागार.

पेंटरने रंग कालवला, शिडी लावली, पहिली ओळ काढली. अण्णा खाली उभे राहून काना-मात्रा तपासत होते. काकू पदराला हात पुसत ओसरीत आल्या, पाटी वाचली आणि पेंटरला म्हणाल्या, "दादा, खाली जागा राहिली तर बारीक अक्षरात एवढं टाका, सोनंही नाही."